हळद्याच्या जागी

वीरेंद्र जगदाळेला ओळखत नाही असा कुत्रा देवासात नाही, असं त्याचे मित्र थट्टेने म्हणायचे आणि ही थट्टा त्याला फार आवडायची. आठवड्याचे सहा दिवस तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लोकांच्या रजा मंजूर-नामंजूर करायचा आणि सातव्या दिवशी जीवदया. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याचे मातीचे सकोरे वाटायचे, गायींच्या पोटात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पन्नीवर शाळाशाळांतून भाषणं द्यायची आणि बारा महिने गल्लीतली कुत्री पकडून त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची. ‘सोबती’ नावाचा त्याचा गट होता, पंधरावीस माणसांचा. सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे, पिस्ता रंगाचे. पाठीवर वीरेंद्रनेच सुचवलेलं वाक्य छापलेलं: कुत्ते का घर नहीं होता, पता होता है।

वाक्य खोटं नव्हतं बरं का. या कामाचा पहिला नियमच तो. जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. त्याच गल्लीत, त्याच कोपऱ्यावर. परक्या मोहल्ल्यात कुत्रं सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडून काढतात, खायला कोण घालतं ते त्याला ठाऊक नसतं, पाणी कुठे आहे ते कळत नाही. म्हणून गटातली उर्वी, जी एरवी शाळेत फिजिक्स शिकवायची, ती प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेवायची: गल्ली कुठली, ठिकाण कुठलं, जेवू कोण घालतं. हा नियम वीरेंद्र इतका छान समजावून सांगायचा की ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आता असा माणूस वाईट म्हणायचा का? छे हो. माणूस चांगलाच होता. फक्त आपण चांगले आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, आणि तिथेच घोळ झाला.

धारला त्याचे मामा होते, गणपतराव. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मामी गेल्या त्याला सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे, स्वतःचं स्वतः रांधून खायचे. पूर्वजांनी कधी काळी दरबारात मुजरे केले असतील, त्यातलं आता घरात काही उरलं नव्हतं. उरली होती ती बोलण्यातली अदब आणि देव्हाऱ्यातला खंडोबा. वीरेंद्र त्यांना मामासाहेब म्हणायचा, आणि पन्नाशीकडे झुकला तरी त्यांच्यासमोर खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची त्याची छाती नव्हती.

मामासाहेबांच्या ओट्यावर नऊ वर्षं एक कुत्रा राहत होता. पिवळ्या रंगाचा, म्हणून हळद्या. पाळलेला नव्हे, गल्लीचाच, पण दुपारची भाकरी तो मामासाहेबांकडे खायचा आणि ओट्यावरच झोपायचा. खंडोबाचं कुत्रं, तेही भंडाऱ्याच्या रंगाचं, मग काय विचारता. मार्गशीर्षात खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र असतं. मामासाहेब सहाही दिवस उपास धरायचे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा, तळी भरायची, मग पहिलं पान कुत्र्याला. कुत्रं जेवलं की मगच त्यांचा उपास सुटायचा. तशी या घराण्यांतली रीतच आहे. शेजारचे माळवी लोक कौतुकाने म्हणायचे, मराठों के यहाँ आज कुत्ते की दावत है.

कार्तिकात वीरेंद्र धारहून तीन कुत्री ऑपरेशनला घेऊन गेला, त्यात हळद्या होता. दोघांना दोरीने पकडावं लागलं. हळद्याला मामासाहेबांनी स्वतः उचलून व्हॅनमध्ये ठेवलं. एवढंच म्हणाले की, चंपाषष्ठीच्या आत आणून दे बाबा. वीरेंद्र हसला. अहो मामासाहेब, चंपाषष्ठी कुठल्या कुठे, पुढच्या रविवारी तुमचा हळद्या ओट्यावर असेल, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

ऑपरेशनं नीट झाली. कानाला खूण म्हणून छोटी खाच पाडली, टाके सुकले. रविवारी सकाळी तिघांना घेऊन धारला निघायचं होतं, आणि नेमका त्याच दिवशी हाटपिपल्याला वीरेंद्रचा सत्कार निघाला. एका सामाजिक संस्थेने जिल्ह्यातल्या पाच सेवाभावी लोकांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. आता हाटपिपल्या एकीकडे आणि धार दुसरीकडे, मधे अख्खं देवास आणि अख्खं इंदूर. वीरेंद्रने हिशेब केला: अकराचा कार्यक्रम, बाराला मोकळे, तिथून थेट धार. कुत्री व्हॅनमध्ये असतील तर उलट बरंच, लोकांना काम प्रत्यक्ष बघायला मिळेल.

कार्यक्रम सुरू झाला एकला. भाषणं संपेनात. बाहेर उन्हात व्हॅनमध्ये कुत्री कोकलत होती, आणि व्यासपीठावर वीरेंद्र मुक्या जीवांच्या वेदनेवर बोलत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जेवण, मग फोटो, मग आणखी फोटो. चार वाजून गेले. सोमवारी सकाळी कारखान्यात ऑडिट होतं. परतीच्या वाटेवर एका ढाब्यापाशी त्याने व्हॅनचा ड्रायव्हर उमाशंकर याला गाडी थांबवायला सांगितली आणि मागचं दार उघडलं.

उमाशंकर पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो खाली उतरून उभा राहिला आणि म्हणाला, “भिया, इनको तो धार छोड़ना था.”

“ढाबा है, खाने की कमी नहीं,” वीरेंद्र म्हणाला. “कुत्ते हैं, रास्ता ढूँढ लेंगे.”

हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं, आणि ते त्याने स्वतः ऐकलं. दोन कुत्री उडी मारून ढाब्यामागे पळाली. हळद्या उतरेना, त्याला मागून ढकलावं लागलं. उमाशंकरने मागचं दार लावलं आणि गाडी सुरू केली. वीरेंद्रने उर्वीला मेसेज टाकला, तिघांना सोडलं. कुठे ते लिहिलं नाही, आणि तिने विचारायचा प्रश्नच नव्हता. तिच्या वहीत तिन्ही नावांपुढे बरोबरची खूण झाली.

दुसऱ्या दिवशी मामासाहेबांचा फोन आला. हळद्या आला नाही रे अजून. वीरेंद्रने चटकन सांगितलं, टाके जरा ओले आहेत, डॉक्टर म्हणाले आठवडाभर ठेवा. खोटं किती सहज येतं पाहा, आधी तयारी करावी लागत नाही. मामासाहेब म्हणाले, बरं केलंस, घाई नको. तिसऱ्या दिवशी परत फोन. खातो का नीट? भाकरी पातळ लागते त्याला, जाड टाकली तर हुंगून सोडतो. वीरेंद्र म्हणाला, खातो, छान खातो. पाचव्या दिवशी मामासाहेबांनी विचारलं की फोन त्याच्या कानाला लावतोस का, माझा आवाज ऐकला तर धीर येईल. वीरेंद्रने आत्ता मी ऑफिसात आहे असं सांगितलं आणि फोन ठेवला.

लाज वाटत होती, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. एकदा संध्याकाळी तो मोटर घेऊन त्या ढाब्यापर्यंत गेलाही. खाली उतरला नाही. काच खाली करून रस्त्यावरून पिवळं काही दिसतं का तेवढं पाहिलं, दिसलं नाही, आणि गाडी वळवून घरी आला. बायकोला, नेहाला, मग सगळं सांगितलं. नेहा म्हणाली, अहो, आत्ताच्या आत्ता मामासाहेबांना फोन लावा आणि खरं ते बोला, रागावतील, चार दिवस बोलणार नाहीत, संपलं. वीरेंद्र तिच्यावरच भडकला. तुला काय कळतंय, अख्ख्या देवासात माझं नाव आहे, वगैरे. मामासाहेबांच्या दुःखाचं बोलणं चाललं होतं आणि मधेच त्याचं नाव कुठून आलं, हे नेहाने विचारलं नाही.

नवरात्र बसलं. मामासाहेबांचे उपास सुरू झाले. फोनवरचा आवाज बारीक झाला, पण प्रश्न तोच. आणि तिसऱ्या माळेच्या दिवशी, कारखान्यातून येताना, एका पंक्चरच्या दुकानासमोर वीरेंद्रला कुत्रा दिसला. पिवळा. तेवढाच. कानाला खाच असलेला, म्हणजे ‘सोबती’नेच कधीतरी ऑपरेशन करून सोडलेला. शेपटीचं टोक तेवढं पांढरं होतं. मामासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन ते उन्हाळ्यावर ढकलत आलेले. तो गाडी थांबवून तिथे पाच मिनिटं उभा राहिला, आणि त्या पाच मिनिटांत त्याने ठरवलं.

चंपाषष्ठीला त्याने रजा टाकली. पहाटे बिस्किटं दाखवून त्या कुत्र्याला मोटरीत घेतलं. पंक्चरवाला अजून आला नव्हता, दुकानाचं शटर बंद होतं. नेहा बरोबर यायला तयार झाली नाही. मला मामासाहेबांच्या तोंडाकडे बघवणार नाही, म्हणाली. वाटेत इंदूरच्या बायपासला थांबून त्याने शेपटीच्या टोकाला हळदीची पूड चोळली. चाळीस-पन्नास लोकांचा साहेब, हातात हळद घेऊन कुत्र्याची शेपटी रंगवत रस्त्याकडेला बसला होता. शेजारून एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या माणसांनी वळून वळून पाहिलं. वीरेंद्रने मान वर केली नाही.

धारला पोचला तेव्हा अकरा वाजले होते. मामासाहेब ओट्यावरच उभे होते, धोतर नेसून, कपाळाला भंडारा लावून. सहा दिवसांच्या उपासाने तोंड अगदी उतरलं होतं. वीरेंद्रने दार उघडलं आणि फार मोठ्याने म्हणाला की घ्या मामासाहेब, आला तुमचा हळद्या. कुत्रा खाली उतरला, ओटा हुंगला, इकडेतिकडे बघायला लागला. मामासाहेब वाकले, दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं, कानाच्या खाचेवरून बोट फिरवलं. पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत हात नेला. मग म्हणाले, “ये बाबा. दमला असशील.”

वीरेंद्रचा जीव भांड्यात पडला. त्याने पटकन एक फोटोही काढून घेतला, म्हातारा आणि कुत्रा, आणि गटाच्या सोशल मीडियाच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, अपने पते पर वापस.

मग तळी भरली. शेजारचे बापूसाहेब आणि त्यांचे दोघे मुलगे आले, मामासाहेब आणि वीरेंद्र मिळून पाच जण झाले. ताम्हनात खोबरं, सुपारी, भंडारा. पाचांनी ताम्हन उचललं, येळकोट येळकोट जय मल्हार, आणि वीरेंद्रचा आवाज सगळ्यांत मोठा. मामासाहेबांनी दोन पानं वाढली. एक देवाचं, त्यात कांद्याची पात घातलेलं भरीत. एक कुत्र्याचं, त्यातलं भरीत वेगळं, बिनकांद्याचं. तीन वर्षांपूर्वी वीरेंद्रनेच त्यांना मोठं व्याख्यान दिलं होतं की कांदा कुत्र्यांना विष असतो, तुम्ही लोक भक्तीच्या नावाखाली मुक्या जिवाला मारता. तेव्हापासून हा म्हातारा सहा दिवसांच्या उपाशीपोटी दोन वेगळी भरितं करत होता. वीरेंद्रला हे आज कळलं. त्याने विचारलं, तर मामासाहेब म्हणाले, तूच सांगितलं होतंस ना.

कुत्र्याने सगळा रोडगा खाल्ला, पान चाटून साफ केलं. बापूसाहेब आणि मुलं प्रसाद घेऊन गेली. मामासाहेबांनी पाट मांडले, वीरेंद्रला समोर बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. हे घे, ते घे, तूप घे अजून, सकाळी लवकर निघाला असशील. स्वतःही जेवले. कारखान्याचं विचारलं, नेहाचं विचारलं. वीरेंद्र जेवत होता आणि सांगत होता, हळद्या दवाखान्यात कसा शहाण्यासारखा राहिला, डॉक्टरांचा कसा लाडका झाला. एकदा सुरू झालं की थांबवत नाही हो. मामासाहेब हं हं करत राहिले.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी सुपारी कातरायला घेतली, आणि अडकित्त्याकडे बघतच बोलले.

“खंडोबाला कुठलंही कुत्रं चालतं, वीरेंद्र. नैवेद्य याने घेतला, माझा उपास सुटला. आता सांग, याला कुठून उचलून आणलंस?”

वीरेंद्रने कुत्र्याकडे पाहिलं.

“मोतीबिंदू डोळ्यांत पडलाय रे माझ्या. अकलेत नाही पडला,” मामासाहेब म्हणाले. “तू आल्या-आल्याच कळलं. म्हटलं, जेवणाआधी तुझा अपमान कशाला.”

म्हणजे तळी भरताना त्यांना माहीत होतं. तूप वाढताना माहीत होतं. डॉक्टरांच्या लाडाची गोष्ट ऐकताना, हं हं करताना माहीत होतं. वीरेंद्रला वाटलं जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्याने सगळं सांगितलं. सत्कार, ढाबा, उमाशंकर. ‘कुत्ते हैं’ हेसुद्धा सांगितलं, ते सांगायची जरुरी नव्हती तरी. ऐकून झाल्यावर मामासाहेब उठले, खुंटीवरचा कोट काढला आणि उरलेले रोडगे फडक्यात बांधले.

“आधी याला याच्या जागी पोचवू. कुणीतरी सकाळपासून याला शोधत असेल,” ते म्हणाले. “मग आपला बघू.”

देवासला पोचेस्तोवर दिवस कलला होता. पंक्चरच्या दुकानासमोर गाडी थांबताच तो कुत्रा काचेवर पंजे मारायला लागला. दार उघडल्यावर तो सुसाट धावला आणि पंक्चरवाल्याच्या पायांत शिरला. पंक्चरवाला टायर टाकून खालीच बसला, कुत्र्याच्या शेपटीचं पिवळं झालेलं टोक बघून चक्रावला, आणि मोटरीकडे बघू लागला. वीरेंद्रने गाडी सुरू केली. मामासाहेबांनी काच खाली करून, भय्या माफ करना, हमसे गलती हुई, असं सांगितलं. गलती कुणाची आणि माफी कोण मागतंय, हे वीरेंद्रला चांगलं कळत होतं. तरी त्याचं तोंड उघडलं नाही.

रात्री मामासाहेब त्याच्याच घरी राहिले. नेहाने त्यांच्या पाया पडताना डोळे पुसले. वीरेंद्रने दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. गटाच्या पानावरच्या त्याच्या फोटोखाली तोवर दीडशे लोकांनी हात जोडले होते.

सकाळी नऊला ते ढाब्यावर पोचले. मामासाहेबांनी फडकं बरोबर घेतलं होतं. ढाबेवाला भट्टी पेटवत होता. मामासाहेबांनी त्याला पिवळ्या कुत्र्याचं विचारलं, तर तो म्हणाला की हो, होता. तीन छोड़ गया था कोई. बड़ी गाड़ी थी, आदमी शॉल ओढ़े हुए था, कोई नेता होगा. मग त्याने त्या शालवाल्या माणसाच्या आईबहिणीचा उद्धार केला. दोन-तीन वाक्यं, अगदी तब्येतीने. वीरेंद्र त्याच्यापासून चार हातांवर उभा होता, अंगावर शाल नव्हती म्हणून ओळखू आला नाही. मामासाहेब शांतपणे ऐकत होते, आणि त्यांनी वीरेंद्रकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पिवळा दोन दिवस रस्त्याच्या कडेला बसून होता, ढाबेवाला सांगत होता. रोटी टाकली तर हुंगायचा आणि सोडून द्यायचा. कुठलीही पांढरी व्हॅन आली की उठून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी देवासकडे चालायला लागला. त्यानंतर दिसला नाही.

मामासाहेबांनी मान हलवली. मग ढाब्याच्या मागून दोन कुत्री आली. एक काळी कुत्री, चारी पाय पांढरे. दुसरा ठिपक्यांचा, मागचा एक पाय उचलून चालत होता, मांडीवर चाव्याची जखम चिघळली होती. दोघांच्याही कानांना खाच होती.

“आणि हे?” मामासाहेबांनी विचारलं. “हे कुणाचे?”

वीरेंद्र त्या दोघांकडे बघत राहिला. सोळा दिवस. या सोळा दिवसांत त्याला झोप लागली नव्हती, जेवण गेलं नव्हतं, बायकोशी भांडण झालं होतं, एका परक्या कुत्र्याची शेपटी त्याने रंगवली होती, आणि या दोघांची त्याला एकदासुद्धा आठवण झाली नव्हती. त्यांच्यासाठी कुणी फोन केला नव्हता ना. मामासाहेबांची भीती वाटली म्हणून हळद्याचं वाईट वाटलं. भीती नसती तर तेही वाटलं नसतं. हे त्याला तिथे, भट्टीच्या धुरात उभं राहून कळलं, आणि आजवर वाटली ती लाज नव्हतीच, लाज ही आहे, असं त्याला वाटलं.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “धारचेच आहेत. गल्ली आठवत नाही.”

ज्याला आठवत नाही त्याने विचारावं, मामासाहेब म्हणाले, आणि फडकं सोडून खाली बसले. कुत्री त्यांच्या हातून रोडगा खायला लागली. वीरेंद्रने उर्वीला फोन लावला. ती शाळेत होती, दोन तासांच्या मधे. आधी तिनेच सुरुवात केली, सर काय फोटो आहे, माझ्या आईला पण दाखवला मी. वीरेंद्रने तिला थांबवलं आणि सांगितलं की फोटोतला कुत्रा हळद्या नाही. तिघांना मी धारला सोडलंच नव्हतं. हाटपिपल्याच्या रस्त्यावर सोडलं. तिच्या मागे शाळेची घंटा वाजली. मग उर्वीने, सर न म्हणता, वहीत बघून सांगितलं की ठिपक्यांचा बसस्टँडमागच्या रसवाल्याकडचा आणि काळी कुत्री एका प्राथमिक शाळेच्या फाटकाजवळची. आणि फोन ठेवला.

दोघांना मागच्या सीटवर घेतलं. मामासाहेब त्यांच्याजवळच बसले, ठिपक्याचा पाय मांडीवर घेऊन. वाटेत म्हणाले, गाडी हळू चालव, हळद्या याच रस्त्याने गेलाय. वीरेंद्रने मग देवासपर्यंत तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून हॉर्न वाजत होते, लोक शिव्या घालून पुढे जात होते. पिवळं कुत्रं दिसलं की तो थांबायचा. सात वेळा थांबला. मग इंदूर आलं, आणि इंदूरच्या गर्दीत कुठल्या कुत्र्याने वाट शोधायची, हे त्या दोघांपैकी कुणी बोललं नाही. मधे ठिपक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन जखम धुऊन घेतली, पट्टी बांधली.

धारला मामासाहेबांची गल्ली आधी लागली. ओट्यावर कुणी नव्हतं. मामासाहेब म्हणाले, पुढे चल. रसवाल्याचं दुकान थंडीमुळे बंद होतं. शेजाऱ्याने सांगितलं की तो उन्हाळ्यात येईल. ठिपक्याला मामासाहेबांनी तोवर आपल्याकडे ठेवून घ्यायचं ठरवलं. उरली काळी कुत्री.

शाळेपाशी पोचले तेव्हा सुटीची वेळ होत होती. फाटकाशी मुलांना पाणी देणारी बाई स्टुलावर बसली होती. गाडीचं दार उघडलं आणि कुत्री बाहेर पडून तिच्याकडे धावली, तेवढ्यात घंटा झाली आणि पोरांचा लोंढा बाहेर आला. बिजली आ गई, बिजली आ गई असा एकच गलका. कुत्री त्यांच्यात दिसेनाशी झाली. बाईने स्टुलावरून उठून विचारलं, इत्ते दिन कहाँ थी ये, कौन ले गया था?

वीरेंद्रने मामासाहेबांकडे पाहिलं. कालपासून सगळीकडे तेच बोलले होते, तेच माफी मागत होते. आता ते ठिपक्याच्या पट्टीची गाठ नीट करत होते, आणि मान वर करायचं त्यांचं लक्षण दिसत नव्हतं.

“मैं ले गया था,” वीरेंद्र म्हणाला.

ऑपरेशनचं, लशीचं, सगळं त्याला पाठ होतं. अशाच फाटकांवर त्याने ते कितीदा सांगितलं होतं. आज त्यातलं काही जिभेवर येईना.

“वापस लाना था. देवास के उधर रास्ते में छोड़ दिया. मुझे देर हो रही थी.”

गर्दीतून एक मुलगी पुढे आली, दुसरी-तिसरीतली, एका हाताने बिजलीचा कान धरलेली. तिने वीरेंद्रकडे रागाने नव्हे, खरोखरच न कळल्यासारखं बघितलं.

“अंकल, बता देते ना,” ती म्हणाली. “हम लेने आ जाते.”